चाळ कधी उघडणार

आमच्या ओतूर भागात माणूस पोरीचं लग्न कुठं जमवतोय हे सांगेल, पण कांद्याची चाळ कधी उघडणार हे सांगणार नाही. उन्हाळी कांदा काढला की लाकडी पट्ट्यांच्या, खालून-बाजूने हवा खेळणाऱ्या लांबट चाळीत भरायचा आणि भावाची वाट बघत बसायचं. आपण गणपतीत उघडणार हे शेजाऱ्याला कळलं, तर तो आठ दिवस आधी उघडतो. निवडणाऱ्या बायका त्याच्याकडे, टेंपो त्याच्याकडे, आणि आपण बाजारात पोचेपर्यंत भाव उतरलेला. म्हणून कुणी विचारलंच तर दोन-तीन महिने पुढचं सांगून मोकळं व्हायचं. ऐकणाराही ते खरं धरत नाही. या लपवालपवीत माझी निम्मी हयात गेली आणि आता मला तिचा वीट आलाय.

लंकेशी खुल्या व्यापाराचा करार झाला, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. कराराच्या यादीत कांदा आहे की नाही, हे आमच्यात कुणालाच धड माहीत नव्हतं. आमचे आडतदार शेठ मूळचे राजस्थानचे जैन, पण तीन पिढ्या ओतुरात गेल्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारे. ते म्हणायचे, "यादीचं राहू द्या. दार उघडलंय एवढं लक्षात ठेवा." त्यांनी बाजाराशेजारी निवडीची मोठी शेड टाकली. आजवर फक्त घरच्या रानात राबणाऱ्या बायका तिथे जाऊ लागल्या, दुपारचे डबे तिथेच सुटू लागले. एसटी स्टँडवर माणसं लंकेत पाऊस झाला का म्हणून विचारू लागली. तिकडचं सरकार मधेच जकात वाढवायचं, मधेच उतरवायचं, आणि इकडे आमचा भाव एका दिवसात वर-खाली व्हायचा. ज्या गावाचं नाव नीट घेता येत नाही, तिथल्या पावसावर आपलं वर्ष ठरतं याची सवय व्हायला फार दिवस लागले नाहीत.

एका मे महिन्यात, आमची चाळ नुकती भरून झाली होती तेव्हा, शेठ एका पाहुण्याला जीपमधून वस्तीवर घेऊन आले. तो लंकेतला कांद्याचा शेतकरी होता. तिकडच्या व्यापाऱ्याच्या ओळखीने आला होता. आमच्याकडे कांदा टिकत नाही, तुमच्याकडे कसा टिकतो ते बघायचं, म्हणाला. पन्नाशीचा, सावळा, हाताला आमच्यासारखेच घट्टे. त्याला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं. माझं ओतूरच्या कॉलेजातलं, वाचायला बरं आणि बोलायला अवघड. तरी चाळीभोवती फिरून मी त्याला सगळं दाखवलं. रुंदी किती ठेवायची, ढीग किती उंच करायचा, पट्ट्यांमधली फट बोटं घालून दाखवली. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तो गुडघ्यावर बसून चाळीखाली डोकावला, वास घेतला आणि वहीत चित्र काढलं. मला तो माणूस आवडला.

एव्हाना तात्या, माझे सख्खे चुलते, येऊन खाटेवर बसले होते. बांधापलीकडे त्यांची चाळ. आमच्याकडे जीप आली आणि तात्या आले नाहीत असं कधी झालं नाही. आईने चहा दिला. चहा पिता पिता पाहुण्याने ज्यासाठी तो एवढ्या लांब आला होता ते विचारलं. तुम्ही चाळ कोणत्या महिन्यात उघडता?

का विचारतोय तेही त्याने नीट सांगितलं. त्याचं रोप तयार होतं. घरी गेल्यावर लावलं की सप्टेंबरच्या सुमारास कांदा निघणार. आमचा कांदा त्याच्यानंतर बाजारात येणार असेल तर तो सगळ्या रानात कांदा लावणार. बरोबरच येणार असेल तर कांद्याच्या नादी न लागता मिरची करणार. असा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

माझं ठरलेलं होतं. ऑगस्ट, गणपतीच्या आधी. पण तात्यांना इंग्रजी येत नसलं तरी ऑगस्ट कळतो. त्यांनी बशी खाली ठेवली होती आणि शेळीकडे बघत बसले होते, म्हणजे कान इकडेच होते. मी म्हणालो, "नोव्हेंबर."

पाहुण्याने ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

"काय इचारत व्हता पावणा?" तात्या म्हणाले.

"चाळ कधी उघडता म्हणतोय."

"नवंबर म्हनलास न्हवं? बराबर हाय. आमी बी तवाच." तात्यांचंही तेव्हा नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

मी जीपपर्यंत सोडायला गेलो. तात्या मागेच राहिले होते. तेवढ्या वाटेत मला सांगता आलं असतं. पण बाजूला शेठ चालत होते, आणि शेठना कळलं म्हणजे बाजाराला कळलं. शिवाय मनात हेही आलं की हाही शेवटी कांदेवालाच, आपण का सांगावं. पाहुण्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला लाज वाटली, आणि मी त्याला बेल्ह्याच्या बैलबाजाराबद्दल काहीतरी सांगत राहिलो.

ऑगस्टमध्ये मी चाळ उघडली. तात्यांनी माझ्या चार दिवस आधी उघडली होती. शेठच्या गाड्या दक्षिणेच्या बंदराकडे सुटल्या आणि पहिले काही दिवस बरे गेले. मग लंकेतला कांदा निघाला. इकडचा आणि तिकडचा एकाच बाजारात येऊन पडला आणि दोघांनाही कुणी विचारेना. तिकडे शेतकरी रस्त्यावर आले, सरकारने जकात वाढवली, आणि शेठनी फोन करून सांगितलं, "थांबा." आमची निम्मी चाळ भरलेलीच राहिली. परतीच्या पावसात कांद्याला कोंब फुटले, खालचा थर सडला. मी आणि माझी बायको फावड्याने ओढून ते बांधावर टाकत होतो. तो वास कपड्यांतून महिनाभर गेला नाही. पाहुण्याचं काय झालं असेल हे तेव्हा मनात आलंच नाही असं नाही. मी ते बाजूला सारत राहिलो.

पुढच्या वर्षी शेठ लंकेला जाऊन आले. त्यांच्या पेढीवर गेलो तेव्हा मी विचारलं नव्हतं, त्यांनीच विषय काढला.

"आपले ते पाहुणे भेटले, भाऊ. गेल्या साली सगळ्या रानात कांदा लावला होता. मिरचीचं रानसुद्धा सोडलं नाही. मातीमोल गेला."

मी पायाजवळचा एक कांदा उचलून सोलू लागलो.

"आता शेती खंडाने दिलीय. तालुक्याच्या गावी कांद्याचं दुकान टाकलंय. विकतात आपलाच माल."

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"म्हणाले, तुमचं नोव्हेंबरचं ठरलं होतं, पण शेतकऱ्याचं ठरलेलं बदलतं, त्यात त्या माणसाचा काय दोष." शेठनी चष्मा पुसला. "आणि निरोप दिलाय. त्या चाळवाल्याचा माल असेल तर न बघता पाठवा."

मी उठून बाहेर आलो. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या साली आमची चाळ उघडायला दोन दिवस राहिले असताना मी तात्यांकडे गेलो. ते दारात दोरी वळत बसले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं. मी आपण होऊनच म्हणालो, "तात्या, परवा चाळ उघडतोय."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा दोरी हातात घेतली.

"म्हंजी अजून म्हयनाभर तू काय उघडत न्हाईस," ते म्हणाले.