खोडरबर कसा उठतो

तट्टूबाईंचं खरं नाव आता त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही आठवून घ्यावं लागतं. एकाच तट्टावर अकरा पुस्तकं लिहिल्यावर दुसरं काय होणार म्हणा. त्या तट्टाचं नाव खोडरबर. रंग शाळेतल्या खोडरबरासारखा करडा, आणि अंगात खोड्या ठासून भरलेल्या, म्हणून खोडरबर. फाटक कपाळाने ढकलणार, माणसांच्या सदऱ्याची कॉलर चाटणार, आणि कुणी रागावलं की मख्ख चेहऱ्याने बघत बसणार. पोरांना तो जीव की प्राण होता.

बाईंची लिहिण्याची तऱ्हा सांगण्यासारखी आहे. सकाळी दहाला दार लावायचं, पेन्सिलींना टोक करायचं, आणि खोडरबर जे करणार असेल ते आधी स्वतः करून बघायचं. त्याने मान वळवली की बाई मान वळवणार. तो उधळला की बाई खोलीभर उधळणार. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका सुरुवातीला तक्रार घेऊन वर आले होते. पुढे पुढे आवाज आला नाही तरच ते चौकशीला यायचे.

आता आतली गोष्ट. बाईंनी जन्मात कधी तट्टाला हात लावलेला नव्हता. पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकांनी पाठीमागच्या पानावर वाक्य ठोकून दिलं: ‘लेखिकेचं बालपण घोड्यांच्या पाठीवर गेलं.’ बाईंनी ते वाचलं आणि मूग गिळून बसल्या. पहिलं पुस्तक होतं, कोण भांडणार? पण मूग तीस वर्षं पोटात राहिले की त्रास देतातच.

अकराही पुस्तकं एका जाड खंडात निघायची ठरली. त्याची मुद्रितं टेबलावर पडली असतानाच पत्र आलं. नऊ वर्षांच्या मुलीचं, रेघा मारलेल्या कागदावर.

‘आमच्याकडे सात तट्टं आहेत. तट्टू उठताना आधी पुढचे पाय टाकतं. तुमचा खोडरबर प्रत्येक वेळी आधी मागचा भाग वर करतो. तिसऱ्या पुस्तकात तो रवंथ करतो. तट्टू रवंथ करत नाही. मला खोडरबर खूप आवडतो. पण तो कोण आहे?’

बाईंनी पत्र दोनदा वाचलं, दार लावलं आणि जमिनीवर हातपाय टेकले. आधी मागून उठून पाहिलं. सहज जमलं, अगदी सवयीचं असावं तसं. मग पुढून उठायला गेल्या, तर गुडघा असा वाजला की शिंपीकाका वर आले.

प्रकाशकांना फोन केला, तर ते हसले. “अहो बाई, एवढंच ना? ‘मागचे’ खोडा, ‘पुढचे’ लिहा. रवंथ काढून टाका. नाहीतरी हातात खोडरबर आहेच तुमच्या.”

“आणि ती कॉलर चाटणं?”

“ते राहू द्या. सोमवारपर्यंत मुद्रितं पाठवा म्हणजे झालं.”

पण बाई मुळात भारी चौकस. ऐकीव गोष्टीवर त्या पेन्सिल चालवणाऱ्यांतल्या नव्हेत (तीस वर्षं चालवली, ते सोडा). दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानावर गेल्या. तिथे एक तट्टूवाला मुलांना फेऱ्या मारून आणायचा. त्याचं एक तपकिरी तट्टू झाडाखाली उभं होतं. बाई समोरच्या बाकावर बसल्या. तास गेला. तट्टू उभंच. दुसरा तास गेला.

“आजी, फेरी हवीय का?” तट्टूवाल्याने विचारलं.

“आजी कुणाला म्हणतोस? हे बसतं कधी?”

“बसेल त्याच्या मर्जीने. ते उभ्या उभ्याच झोपतं.”

“चावतं का?”

“छे. कसलीच खोड नाही त्याला. गरीब आहे बिचारं.”

कसलीच खोड नाही. बाईंना त्या तट्टाची कीवच आली. तेवढ्यात ते गुडघे मोडून खाली गेलं, धुळीत दोन्ही अंगांवर मनसोक्त लोळलं, आणि उठलं. आधी पुढचे दोन पाय ताठ. क्षणभर कुत्र्यासारखं बसलं, मग मागून जोर लावून उभं. पोरीचं बरोबर होतं.

बाई भीत भीत जवळ गेल्या आणि तळहात पुढे केला. तट्टाने चाटला. जीभ मऊ होती. आणि तिथेच बाईंना लख्ख कळलं. कारण खोडरबराची जीभ पहिल्या पुस्तकापासून खरखरीत होती. कपाळाने फाटक ढकलणारी, कॉलर चाटणारी, तासन्‌तास रवंथ करत ऐकून घेणारी, मागून उठणारी ती त्यांच्या वडिलांची म्हैस होती. शाळेतून आल्यावर बाई तिच्या पाठीवर बसून तळ्यावर जायच्या आणि दिवसभराचं सगळं तिला सांगायच्या. एक दिवस शाळेतून आल्या, तर खुंट्याला नुसता दोर होता. विकली, एवढंच कळलं. रडल्या तेव्हा आई म्हणाली, म्हशीसाठी कुणी रडतं का? त्यानंतर त्यांनी म्हशीचं नाव काढलं नाही, ते थेट आज.

बाकावर परत बसून बाई रडल्या. तट्टूवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली.

घरी येऊन त्यांनी मुलीला खरं ते लिहिलं. ‘तो आमची म्हैस आहे. मला आजवर माहीत नव्हतं. आता पुढचे पाय लिहायचे की मागचेच ठेवायचे, तू सांग.’ आणि प्रकाशकांना कळवलं, सोमवार विसरा.

“बाई, पोरं हसतील,” प्रकाशक म्हणाले. “तीस वर्षांची अब्रू आहे.” बाईंनाही तीच धास्ती होती. पोरांनी खोडरबराला खोटा म्हटलं असतं, तर त्यांना सोसलं नसतं. आठ दिवस त्या पोस्टमनची वाट बघत खिडकीत उभ्या राहिल्या.

उत्तर आलं. ‘मागचेच ठेवा. बाबा म्हणतात, ही म्हैसच आहे असं मी सांगितलं नव्हतं? मैत्रिणींनी सगळी पुस्तकं पुन्हा वाचायला काढलीत, आता म्हैस शोधतायत. पण म्हशीचं नाव काय होतं?’

बाईंचे वडील जनावराला नाव ठेवत नसत. विकायच्या वस्तूला नाव कशाला, असं म्हणायचे. घरात तिला सगळे नुसतं ‘ती’ म्हणत.

मग त्यांनी मुद्रितं ओढली. आतल्या एकाही शब्दाला हात लावला नाही. शेवटचं पान काढलं, तीस वर्षांचं ते वाक्य पुसलं आणि नवं लिहिलं: ‘लेखिकेचं बालपण एका म्हशीच्या पाठीवर गेलं. तिचं नाव खोडरबर.’