आधी सरसावलेला पाय

बांतायान बेटावरच्या वाळत्या मासळीचा वास कपड्यांतून जात नाही. जुवी मान्सुएतोच्या पांढऱ्या गणवेशातूनही तो कधी गेला नाही. सेबूजवळच्या विमानशाळेत ती दोन माणसांची छोटी विमानं उडवायला शिकवायची, आणि तिथली पोरं पाठीमागे तिला ‘दांगित मॅडम’ म्हणायची. दांगित म्हणजे तिच्या आईच्या मांडवावर पोट उघडून उन्हात वाळणारा तो चपटा मासा. जुवीच्या कानावर ते आलं होतं. ती म्हणायची, “वास माशाचा आहे, लबाडीचा नाही. येऊ दे.”

वर्षानुवर्षं तिने दुसऱ्यांची पोरं आकाशात चढवली. पोरं शिकायची, मोठ्या विमानकंपन्यांत जायची, खांद्यावर पट्ट्या लावून फोटो पाठवायची. जुवी धावपट्टीच्या कडेला तशीच उभी, डोळ्यांवर हात धरून, कुणाची चाकं टेकताना उसळतात ते बघत. मनात मात्र एकच होतं. एकदा पाठीशी दोनशे माणसं घेऊन उडायचं. मनिलाच्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा तिला बत्तिसावं लागत होतं, आणि ती कंपनी बत्तीस वर्षांपुढच्या कुणाला घेत नव्हती. दार पुन्हा उघडणार नव्हतं.

तिच्यासोबत आर्नेललाही बोलावणं आलं. आर्नेल तिचा शिष्य. बेटावरच्याच बर्फवाल्याचा मुलगा, पंचविशीचा, हसरा, बोलायला गोड. तो पहिल्यांदा एकटा उडून खाली आला तेव्हा रिवाजाप्रमाणे जुवीनेच त्याच्या डोक्यावर बादली उपडी केली होती, आणि पाणी नळाचं नाही, समुद्राचं. “गोडं पाणी वाळून जातं, दोंग,” ती म्हणाली होती. “मीठ राहतं.” तिकडे धाकट्याला दोंग म्हणतात. तो तिला मनांग म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण.

कंपनीची परीक्षा खोट्या विमानात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, जोडीने द्यायची असते. एकाने उडवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून काट्यांवर नजर ठेवायची आणि जे चुकेल ते मोठ्याने सांगायचं. मग अदलाबदल. कंपनीने या दोघांची जोडी लावली आणि जुवीला वाटलं, देव पावला.

दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की आर्नेल मांडवावर यायचा. जुवीने कॉकपिटचं मोठं कागदी चित्र फळीला चिकटवून मांडवाच्या बांबूला टांगलं होतं. समोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. दोघांच्या मध्ये वाळूच्या डब्यात खोचलेले स्वयंपाकाचे दोन लाकडी डाव, त्या इंजिनांच्या दांड्या. पायाशी दोन विटा, ते रडर, विमानाचं नाक डावीउजवीकडे वळवणारं. आजूबाजूला मासे वाळताहेत, मांजरं टपून बसली आहेत, आणि ही दोघं डोळे मिटून ढगांतून खाली उतरताहेत.

“वेग!” आर्नेल ओरडायचा. “मनांग, वेग पडतोय! झोपलात काय?”

“बघितलं.”

“बघितलं तर डाव पुढे ढकला! तुमच्या दोनशे माणसांनी पाण्यात हात मारायला सुरुवात केली.”

जुवीची आई, नानाय पासिंग, मासे उलटता उलटता हसायची. “या विमानात बसण्यापेक्षा मी होडीने जाईन ग बाई.”

“तुम्हाला घेतोय कोण, नानाय?” आर्नेल म्हणायचा. “तुम्ही तिकिटाऐवजी दांगित द्याल.”

नारळाच्या पातीत शिजवलेला पुसो भात सोलून सगळे एकत्र जेवायचे. सगळ्यात जाड मासा नानाय आर्नेलच्या ताटात टाकायची. जुवीचा त्याच्याशी एकच करार होता, आणि तो ती दर रविवारी बोलून घ्यायची.

“दिसलं की बोलायचं, दोंग. मी थोरली आहे, मला वाईट वाटेल, असला विचार करायचा नाही. आपल्या लोकांत धाकटा थोरल्यापुढे गप्प बसतो. आकाशात त्याच गप्प बसण्याने माणसं मरतात.”

“दिसलं की बोलायचं,” तो छातीवर हात ठेवून म्हणायचा.

थोरलीने आधी उडवायचं, असंही ठरलं होतं. पण परीक्षेच्या दिवशी, खोट्या विमानाकडे जाणाऱ्या लोखंडी पुलावर, आर्नेलने तिचा हात धरला.

“मनांग, मी आधी जाऊ? पोटात गोळा आलाय. तुमचं बघत बसलो तर सगळं विसरेन.”

“जा,” जुवी म्हणाली. धाकट्याला वाट द्यायला तिला कधीच जड गेलं नव्हतं.

आत अंधार, काट्यांचा हिरवट उजेड. मागे परीक्षक बसलेले, पांढऱ्या केसांचे कॅप्टन. आर्नेलने विमान पळवलं, उचललं. जुवी काटे बघत होती. वेग बरोबर, उंची बरोबर, नाक सरळ. आणि मग, सगळं सुरळीत असताना, तिच्या बाजूचा आर्नेलचा गुडघा हळूच ताठ झाला. उजवा पाय आत गेला. नाक केसभर उजवीकडे सरकलं. का? ती बोलणार, ओठ उघडले, एवढ्यात घंटा वाजली आणि डावं इंजिन बंद पडलं. इंजिन पडताच विमानाने डावीकडे हिसडा द्यायला हवा होता. ते फक्त सरळ झालं. पाय आधीच तिथे होता ना.

परीक्षकांचं डोकं तेव्हा बटणांवर खाली होतं. वर बघितलं तेव्हा त्यांना रेघेसारखं सरळ विमान दिसलं.

“सुंदर,” ते म्हणाले.

मग जुवीची पाळी आली. तिने इंजिनाची वाट बघितली. इंजिन पडलं नाही. ती उतरायला आली, धावपट्टी दिसणार इतक्यात आवाज आला, परत वर जा. परत वर जाणं तिने हजार वेळा शिकवलं होतं. हात आपोआप चालले. मन मात्र शेजारच्या त्या गुडघ्यापाशी अडकून राहिलं होतं. पोटात गोळा आलेल्याचा पाय असा चालतो का?

“उंची!” आर्नेल म्हणाला. अगदी वेळेवर, अगदी स्वच्छ आवाजात. त्याच्या बाजूने कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. पण ते कानातून डोक्यात पोचेपर्यंत जुवी थांबायच्या उंचीच्या तीनशे फूट वर निघून गेली होती. मागे पेन्सिल खरखरली.

बाहेर कॅन्टीनमध्ये त्याने तिच्यापुढे कॉफी ठेवली. तिने कपाला हात लावला नाही.

“दोंग, पाय आधी कसा गेला?”

तो हसला. “तुम्हीच शिकवलंत ना, तयार राहा म्हणून.”

“तयार राहणं वेगळं. तुला ठाऊक होतं. डावं इंजिन, आणि केव्हा, तेही.”

हसू विझलं. तो कपातल्या कॉफीशी बोलू लागला. “मावसभावाची परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. तो म्हणाला, सगळ्यांना तेच देतात. पहिल्याला इंजिन, दुसऱ्याला परत वर. आणि हे म्हातारे दुसऱ्याचेच गुण जास्त कापतात. मनांग, मी सांगितलं असतं. पण तुम्ही ऐकलं असतंत? तुम्हीच म्हणाला असतात, असं चोरून चढायचं नाही.”

“म्हणाले असते.”

“मग? म्हणून नाही सांगितलं.”

जुवीची नजर त्याच्या केसांवर गेली. त्या डोक्यावर तिने समुद्र ओतला होता.

“बरं. नाही सांगितलंस,” ती म्हणाली. “मग मला आधी जाऊ का दिलं नाहीस?”

त्याने साखरेची रिकामी पुडी उलगडली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

दुसऱ्या दिवशी मुलाखत झाली. उंची का हुकली, कंपनीच्या लोकांनी विचारलं. “चूक माझी,” जुवी म्हणाली. मग एका बाईंनी विचारलं, “जोडीदाराबद्दल काही सांगायचंय?”

शब्द जिभेवर होते. पण हरलेल्या माणसाच्या तोंडात खरंसुद्धा तक्रार होऊन बसतं. आणि ही पोरगी शिष्याची चहाडी करते, हे ऐकून घेण्याचा तिचा पिंड नव्हता.

“मीच शिकवलंय त्याला,” ती म्हणाली. “चांगला उडवतो.”

दिसलं होतं, आणि बोलली नव्हती. त्याने तिला फसवलं ते फसवलंच, वर तिचा स्वतःचा शब्दही तिच्याच तोंडून मोडवला. याचा राग तिला नोकरी हातची जाण्यापेक्षा जास्त आला.

आर्नेलला घेतलं. जुवीला नाही.

बर्फवाल्याच्या दारात अख्खं डुक्कर भाजलं गेलं, सारं गाव जेवलं. आर्नेलच्या आईने केळीच्या पानात कुरकुरीत कातडीचा तुकडा बांधून मान्सुएतोंकडे पाठवला. “गुरूचा मान,” असा निरोप होता. जुवीकडून सगळं ऐकलेल्या नानाय पासिंगने पान उघडलं, वास घेतला, लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं मांजरांपुढे टाकलं.

“माझ्या ताटातला जाड मासा खाऊन केसाने गळा कापला मेल्याने.”

“ओरडू नको, नानाय. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत! मासा चिरताना मी निदान आधी मारते तरी.”

त्यानंतर काही रविवार फळी तोंड फिरवून भिंतीला टेकून होती. मग छोट्या बेटांवर पंख्याची विमानं नेणाऱ्या एका लहान कंपनीचं बोलावणं आलं. पाठीशी दोनशे नाहीत, चाळीसच माणसं. जुवीने फळी पुन्हा बांबूला टांगली, डाव वाळूत रोवले. एका खुर्चीत बसली. शेजारची रिकामी होती.

नानाय हात पुसत आली आणि तिच्यात बसली. खुर्ची कुरकुरली. “मी ओरडते. काय म्हणायचं?”

“हा काटा या रेघेखाली गेला की ‘वेग’ म्हणायचं. काटा पेन्सिलीने मी सरकवीन.”

जुवीने डोळे बारीक केले, विमान उचललं. पेन्सिल अजून रेघेच्या वरच होती.

“वेग!” नानाय गरजली. मांजरं पळाली.

“अजून पडला नाही, नानाय.”

“पडणारच आहे ना? मला ठाऊक आहे. मग आधीच सांगितलं तर काय बिघडलं?”

जुवीचे हात डावांवर थांबले. ती समोरच्या कागदी आकाशाकडे बघत राहिली, आणि तिचा आवाज निघाला तो आईशी बोलण्याचा नव्हता.

“नाही. ठाऊक असलं तरी नाही. दिसल्यावर बोलायचं. आधी नाही.”

नानायने झग्याच्या टोकाने चष्मा पुसला, नाकावर घट्ट बसवला, आणि पेन्सिलीच्या टोकावर नजर रोवून ती वाट बघत बसली.