डावा हात

मंगळवारी सकाळी हिराबाय वारल्या. त्याच सकाळी त्यांच्या मांडवावरचं घोसाळं मी तोडून पुरलं.

आंबिवलीतली आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी राहिली. मागची एक पट्टी तेवढी त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. मी तिसऱ्या मजल्यावरचा, शाळेतून निवृत्त झालेला. रोज सकाळी फुलं उमलायच्या सुमारास हिराबाय त्या पट्टीतल्या घोसाळ्याच्या मांडवाखाली शिरत. कुजलेली फुलं डाव्या हाताने वेचून डब्यात टाकत. ताज्या फुलाला फक्त उजवा हात.

"डावा मेल्यांचा, उजवा जित्यांचा. हात बदललास तं मरन मांडवभर फिरतं."

फुलकुजीवर मी वाचून आलो होतो. बुरशीनाशकाचं नाव सांगितलं, तर त्या हसल्या. "दवा मारू रं मास्तर, पन आधी मढं तरी उचल!" वेल दाटला की त्या पानं खुडून वाऱ्याला वाट करत. पाणी सकाळी, तेही मुळाशी. एकदा संध्याकाळी मी वरून पाइप धरला, तेव्हा खेकसल्या, "पोराला वल्या कपड्यात निजवतोस का?"

बी त्यांच्या आईचं होतं, शहाडच्या नदीकाठच्या मळ्यातलं. तिथे आता इमारती आहेत. होतं नव्हतं ते सगळं बी त्यांनी यंदा पेरलं होतं. बियाण्याचं घोसाळं त्या वेलावरच वाळू देत आणि कानाशी धरून हलवत. आत बिया वाजल्या की म्हणत, "बोललं."

त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा बियाण्यासाठी राखलेलं एकच घोसाळं वेलावर होतं. कोवळं, टोकाला सुकत आलेलं फूल. "जप त्याला," एवढंच त्या मला म्हणाल्या.

पाऊस थांबेना. मी घोसाळ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली. फूल मला दिसलं होतं. ओलं, बुळबुळीत. हात लावायची किळस आली, म्हणून ते आतच राहू दिलं.

सोमवारी भेटायला गेलो. "बोलंल ना रं?" त्यांनी विचारलं.

"बोलेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने खालून हाक मारून सांगितलं. मी मांडवाकडे गेलो आणि पिशवी सोडली. फुलापासून अर्ध्या घोसाळ्यापर्यंत पांढरी लव चढली होती, वर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके. आतलं बी भरलंच नव्हतं. त्यांनी शिकवलं होतं तसं, वेलापासून दूर खड्डा काढला.

मांडव आहे. जुना वेल त्या पावसातच गेला; आता त्यावर दुकानातल्या बियाण्याचा वेल आहे. फुलं मी डाव्या हाताने वेचतो. खाली वाकलो की शेजारी कुणीतरी डबा सरकवल्यासारखं वाटतं. या वेलाचं एक घोसाळं वाळून खिळ्याला टांगलेलं आहे. ते मी अजून कानाशी धरलेलं नाही.