दाराचं विचारणाऱ्या काकू

काकूंना कुणी हळदीकुंकवाला बोलावत नसे आणि त्या प्रत्येक हळदीकुंकवाला जात. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दारात कुणी बिचकलंच तर म्हणत, "निवडणुकीचं हळदीकुंकू आहे ना? मत माझंही मोजतात." मग पुढच्या खुर्चीत बसत.

कल्याण पूर्वेला आमची चाळ. मागे बायकांचा संडास आहे, त्याला दार नव्हतं. म्हणून आम्ही जोडीने जायचो. एक आत, दुसरी बाहेर जुनी साडी धरून उभी. जिची जोडीदार कामाला गेली, ती दिवसभर पाणीच पीत नसे. काकूंची जोडीदार मी. मी फार बोलत नाही, म्हणून माझ्यासोबत बरं पडतं, असं त्या म्हणायच्या.

मध्येच वॉर्डाची पोटनिवडणूक लागली. जागा बायकांसाठी राखीव. काकूंना बारीक अक्षर दिसत नसे, त्या पत्रकं मला वाचायला लावत. मी चौथीपर्यंतच शिकलेय म्हटलं, तर म्हणाल्या, "पुरे आहे. यांच्यात पाचवीचं काही नसतं."

एका पत्रकात धर्म संकटात असल्याचं लिहिलं होतं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरं, वाचवला धर्म. दार कोण लावणार?" दुसऱ्या पत्रकावर नवऱ्याचा फोटो मोठा आणि बायको कोपऱ्यात. "यातला उमेदवार कुठला?" त्यांनी विचारलं.

त्या कोपऱ्यातल्या ताईंनीच हळदीकुंकू ठेवलं. घर इथलंच जुनं, पूर्वी भाताची शेती, आता इमारती. काकूंसमोर आल्यावर ताईंचा हात थांबला. काकूंनी कपाळ पुढे केलं. ताईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग कुंकू लावलं. लगेच काकूंनी दाराचं विचारलं.

"करून टाकू, काकू," नवरा म्हणाला. त्यांना सगळे भाऊ म्हणत.

"मी ताईंना विचारलंय."

"अहो, आम्ही काय वेगळे आहोत का?"

"मग मशीनवर एकच नाव कसं?"

बायका पदराआड हसल्या. वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला, तो काकूंनी घेतला. "डबा घेतला म्हणजे प्रश्न मागे घेतला असं नाही," एवढं जाताना सांगितलं.

ताई निवडून आल्या. दार आलं नाही. काकूंचे गुडघे गेले, साडी धरून बाहेर उभं राहणंही होईना. भाची त्यांना खडवलीला घेऊन गेली. टेम्पोत बसताना म्हणाल्या, "तिथे घरातच आहे. दारासकट. इथलं आता तू विचारायचं."

मला नाही जमणार, मी म्हटलं.

"मला तरी कुठे जमलं? आलं का दार?"

पुढच्या संक्रांतीला ताईंच्या हळदीकुंकवात मी विचारलं. पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही, दुसऱ्यांदा विचारावं लागलं. भाऊ बोलायला लागले, तेव्हा मी ताईंकडेच बघत राहिले. ताई हळूच म्हणाल्या, "मी अजून बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या. बघितलं. जरा वेळ तिथेच घुटमळल्या. मग म्हणाल्या, "बाहेर उभ्या राहाल का?"

मी साडी धरली. आतून दोनदा आवाज आला, "आहात ना?"

दार त्याच आठवड्यात बसलं. मी खडवलीला फोन केला. कडी आतून लागते का, एवढंच काकूंनी विचारलं. लागते, म्हटलं.

"बरं. आता दिव्याचं विचार."