डावा डोळा पाहून घ्या

मी इथे नुसता वाचायला येतो. लोकांचे अनुभव वाचून कधी हसलो, कधी "झोप झाली नसेल" म्हणून पुढे सरकलो. भूतप्रेत, संचार, अंगात येणं यातलं काहीच मी आजही मानत नाही. तरीही लिहितोय, कारण जे घडलं ते माझ्या बायकोने बघितलंय, आणि ती मनचं काही सांगणारी बाई नाही.

मी नांदगाव पेठला एका कापड कंपनीत चेकिंगला होतो. समोरून कापड सरकत जातं, डाग, गाठ, तुटलेला धागा दिसला की खूण करायची. एका सकाळी मी एकामागून एक थान बाजूला काढायला लागलो. सुपरवायझर आला आणि म्हणाला, "काय झालं तुले? कापड तं साफ आहे."

मला प्रत्येक थानावर एकाच जागी काळा डाग दिसत होता. मी डोळा चोळला. डाग कापडावरून भिंतीवर गेला, मग त्याच्या शर्टावर. उजवा डोळा झाकला तर डाग गायब!

अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "डोळ्याचा पडदा सुटलाय. हे माझ्याकडे होत नाही. नागपूरचे पडद्याचे सर उद्या अकोल्याला येतात, तिकडे पाठवतो. टाळू नका."

पाठवतो... हा शब्द ऐकल्यावर माझ्या आत काहीतरी बंद पडलं. आमच्या घरात मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, असंच डोळ्यासाठी मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. ते काठी धरूनच परत आले. त्यामुळे आमच्याकडे डोळा आणि ऑपरेशन हे दोन शब्द एका वाक्यात कोणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी बायको, शोभा, मला एसटीने घेऊन निघाली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी उठलो.

"कोठी चालले?"

"घरी. राहू दे. एक डोळा आहे ना चांगला."

"बसा गुमान," ती म्हणाली. तिने माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरलं ते अकोला येईपर्यंत सोडलं नाही. मी वादही घातला नाही. राग नाही, रडू नाही. खिडकीबाहेर तुरीची शेतं जात होती आणि उजवीकडून त्यांच्यावर काळं चढत होतं, एवढंच.

दवाखान्यात खूप गर्दी होती. सिस्टरने दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. शोभा म्हणाली, "मी चहा पाहून येतो." आमच्याकडे बायाही येतो-जातो असंच बोलतात. मी बरं म्हटलं.

थोड्या वेळाने डाव्या बाजूची खुर्ची करकरली. कोणीतरी बसलं. वयस्कर माणूस असावा.

"घाबरून काहून राहिले भाऊ?" तो म्हणाला.

"घाबरलो नाही," मी म्हटलं. "काहीच वाटून नाही राहिलं."

"तेच तं. तेच घाबरणं असते. उजव्या डोळ्याचं डॉक्टर पाहून घेतील. तुमी डावा डोळा पाहून घ्या. खालून, कानाकडची बाजू. दाबून पाहा म्हणा. नाई पाह्यलं तं उठू नका तेथून."

मी विचारलं, "तुम्ही कुठले?" तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं आणि शोभाने हात धरून मला आत नेलं.

सरांनी बराच वेळ तपासलं. "उजव्याचं ऑपरेशन लागेल. उशीर झालेला नाही. डावा चांगला आहे."

मी उठलो नाही. "सर, डावा परत बघा. खाली, कानाच्या बाजूला... दाबून बघा."

त्यांनी मला आडवं झोपवलं, कपाळावरचा दिवा लावला आणि एका बारीक दांडीने पापणीवरून डोळा दाबत बघायला लागले. दुखत होतं.

"छिद्र आहे," ते शेवटी म्हणाले. "अगदी कडेला. दाबल्याशिवाय दिसलंच नसतं. हा डोळा आधी कुठे दाबून तपासला होता का?"

"नाही."

"मग जागा कशी सांगितली?"

मी म्हटलं, बाहेर एका काकांनी सांगितलं. त्यांना वाटलं असेल, एखादा जुना पेशंट असेल. मलाही तेच वाटलं होतं. डाव्या डोळ्याला त्याच दिवशी लेझर केलं. हे छिद्र तसंच राहिलं असतं तर तोही पडदा सुटू शकला असता, असं सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी शोभाला म्हटलं, "ते काका कुठे आहेत बघ. माझ्या डाव्या बाजूला बसले होते ते."

ती मला आमच्या खुर्च्यांपाशी घेऊन गेली आणि माझा हात धरून डावीकडे टेकवला. भिंत होती. माझी खुर्ची रांगेतली शेवटची होती.

"चहाले मी गेलोच नाई," ती म्हणाली. "तुमाले सोडून जावंसं वाटलं नाई. मी उजवीकडेच बसून होतो. तुमीच बोलून राहिले होते. एकदा तुमच्या आवाजात, एकदा दुसऱ्या."

"मग मला हलवलं का नाहीस?"

"हलवणार होतो. तं तुमी डोळे मिटूनच माह्याकडे तोंड केलं. म्हणले, बाई, या भाऊले एकटं सोडू नका."

तिला बाई? लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला कधी बाई म्हटलेलं नाही. आणि हे वाक्य मला आजही आठवत नाही.

उजव्याचं ऑपरेशन झालं. पुढे सरांच्या सांगण्यावरून बरेच दिवस पालथं पडून काढले. त्या डोळ्याने आता माणूस ओळखू येतो, अक्षर नाही. डावा ठणठणीत आहे. कंपनीने मला पॅकिंगला टाकलंय.

ओळखीच्या एका डॉक्टर मित्राने सांगितलं, भीतीत मन असं करतं, माणूस स्वतःशीच बोलतो. पटतं. पण डोळ्याला कड असते, ती दाबून बघतात, हे त्या दिवसापर्यंत मी ऐकलंही नव्हतं. ऐकलं नाही ते मन कुठून बोलेल? मी अजून या प्रश्नापाशीच आहे.

मागच्या महिन्यात मी शोभाला विचारलं, तो दुसरा आवाज कसा होता? मला शब्द आठवतात, आवाज आठवत नाही.

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "चांगला होता. तुमच्यापेक्षा मायेनं बोलत होता."