इसहाकचाचांचा एक रोजा

सौदीतल्या रास अल खैरच्या आमच्या कामगार कॅम्पात स्वयंपाक इसहाकचाचा करतात. गाव रत्नागिरीजवळ, शाळा सातवीपर्यंत. आधी अकरा वर्षं ते एका कोरियन कंपनीच्या मेसमध्ये होते. तिथला म्हातारा आचारी कोरियन वैद्याचा मुलगा. त्याच्याकडून चाचा जीभ पाहून पोटाचं दुखणं ओळखायला शिकले.

यंदा रमजानात मुझम्मिलचं पोट बिघडलं. तो म्हसळ्याचा, इमारतींना परांच्या बांधतो. व्यायामाने कमावलेले दंड उपासात उतरतील, ही त्याला भीती. म्हणून रोजा सोडताच बर्फाच्या पाण्यात दोन मापं प्रोटीन पावडर घोळून एका दमात प्यायचा. मग पोट फुगायचं. जेवण जात नसे, पहाटेची सहरीही नाही. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात फरक पडला नाही तर रोजे थांबव. आईला त्याने तीसही रोजे धरण्याचा शब्द दिला होता.

चाचांनी त्याची जीभ पाहिली. पांढरा थर, कडांवर दातांच्या खुणा.

"डाळ कधी चाखून बघत नाय," मुझम्मिल मला म्हणाला, "नि माझी जीभ बघतात."

चाचांनी त्याच्याकडून पावडर मागून घेतली. तीन संध्याकाळी रोजा तसाच सोडला, बर्फाच्या पाण्यात, दोन मापं. मला वाटलं, म्हातारपणची हौस. चौथ्या दिवशी जुलाबांनी आडवे झाले. रोजा मोडावा लागला. एकतीस वर्षांत पहिला.

कशासाठी, मी विचारलं.

"तो कोरियन वस्ताद सांगायचा, जे आपल्या पोटात गेलं नाय, त्यावर दुसऱ्याला शिकवू नये."

मी मुझम्मिलला बोलावून आणलं.

मग पडल्या पडल्या त्यांनी मुझम्मिलला समजावलं. पोट म्हणजे चूल. दिवसभराच्या उपासाने मंदावलेली. तिच्यावर बर्फ ओतलास की ओल साचते, वर जड ओंडका ठेवलास की पेटत नाही. पावडर वाईट नाही. आधी तांदळाची गरम पेज घे, आलं आणि संत्र्याची सुकी साल घालून. दोन तासांनी अर्धं माप, कोमट पाण्यात. कोरियात आजाऱ्याला पेजच देतात, म्हणाले, आपल्याकडच्यासारखी.

मुझम्मिलने वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी तो पोटभर जेवला. तीस रोजे पुरे झाले.

ईदच्या दुसऱ्या दिवशी चाचांनी बुडालेला रोजा धरला आणि दुपारी सगळ्या कॅम्पाला बिर्याणी वाढली. मुझम्मिल ताट न घेता बसून होता.

"तुझा कुठला रोजा राहिलाय?" चाचांनी विचारलं.

"माझा नाय. तुमचा राहिला, तो माझ्यामुळं."

सूर्य बुडाल्यावर दोघांनी एकाच पातेल्यातली पेज घेतली.