डॉमिनोतला पास

डॉमिनोमध्ये सारख्या ठिपक्यांना सारखे ठिपके जोडत जायचं असतं. जुळणारी सोंगटी हातात नसली की "पास" म्हणायचं आणि पाळी पुढच्याला द्यायची. वसतिगृहातल्या माझ्या खोलीत काल दुपारी तिघे मित्र हा खेळ खेळत होते. मी कॉटवर बसून नुसता बघत होतो. सकाळीच निकाल लागला होता आणि मी गणितात राहिलो होतो. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटत नव्हतं.

तेवढ्यात आप्पांचा फोन आला. "लागला का रं निकाल?"

मी तोंड उघडणार इतक्यात मागून खेळणाऱ्यांतला दिन्या ओरडला, "पास!"

"अगं, पास झालं पोरगं!" आप्पांनी आईला हाक मारली.

आमच्या घरातलं माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. तिथे या शब्दाला एकच अर्थ आहे. इथे मात्र हातात लावण्यासारखं काही नसलेला माणूसही तोच शब्द मोठ्यानं म्हणतो आणि त्याला कुणी हसत नाही. कदाचित असा एखादा शब्द घरातही असायला हवा होता.

"आप्पा, तो खेळातला पास. लावायला काही नसलं की म्हणतात. मी गणितात राहिलोय."



"मग उठवत्यात का त्याला खेळातनं?" आप्पांनी विचारलं.

"नाही. बसूनच राहायचं."

"मग बस की परत," आप्पा म्हणाले.